पिकअप ॲव्हरेज देत नाही? पार्ट बदलण्याआधी या क्रमाने तपासा

गाडी ॲव्हरेज देईनाशी झाली की ठरलेला प्रकार सुरू होतो. आधी एअर फिल्टर, मग प्लग, मग कुणीतरी सांगितलं म्हणून ऑक्सिजन सेन्सर आणि शेवटी इंजिनच उघडायची भाषा. टाकी मात्र होती तितक्याच लवकर रिकामी होत राहते. पंधरा-वीस वर्षं पळालेल्या पिकअपमध्ये तर ही चूक हमखास होते. कुठलाही पार्ट बदलला तरी "नाहीतरी जुनाच झाला होता" असं म्हणून समाधान करून घेता येतं, आणि खरं दुखणं जागच्या जागी राहतं.

ॲव्हरेज पडण्याची कारणं तीन गटांत बसतात. हिशेब चुकतो, गाडी ओढायला जड झालेली असते, किंवा इंजिन खरोखरच जास्त इंधन जाळत असतं. तपासणीही याच क्रमाने करायची. पहिल्या दोन गटांना सामान फारसं लागत नाही, तरी बहुतेक जण सुरुवात तिसऱ्यापासून करतात.

## तयारी

एक वही गाडीतच ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण सगळ्या नोंदी एकाच जागी हव्यात. सामानात हवा मोजायचा स्वतःचा गेज, चांगला जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाला लावायच्या उट्या, मल्टीमीटर आणि टॉर्च. लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ब्रेकची तपासणी निम्म्या वेळात होते. इंजेक्शनच्या गाडीला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, लागेल. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या १९९६ पासूनच्या हलक्या गाड्यांत ओबीडी-टू सॉकेट, म्हणजे स्कॅनर जोडायची जागा, असते. त्याहून जुन्या बऱ्याच गाड्यांत बिघाडाचा कोड डॅशबोर्डच्या दिव्याच्या लुकलुकण्यावरून वाचावा लागतो. कार्बोरेटरच्या गाडीला स्कॅनरचा उपयोग नाही, तिथे व्हॅक्युम गेज आणि टायमिंग लाइट कामाला येतात.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे हात आवरणं. मोजणी पूर्ण होईपर्यंत काहीही बदलू नका, साधं ऑइलसुद्धा नाही.

## टप्पा १: टाकी ते टाकी हिशेब

१. टाकी भरताना पंपाची नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथेच थांबा. रक्कम गोल करायला वरून थोडं घालू नका.

२. ट्रिप मीटर शून्यावर आणा. ते बंद असेल तर ओडोमीटरचा आकडा वहीत लिहा.

३. टाकी साधारण पाव उरेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. मोजणी चालू आहे म्हणून जपून चालवलं तर सगळी मेहनत वाया.

४. शक्यतो त्याच पंपावर, गाडी त्याच दिशेला उभी करून, पुन्हा पहिल्या क्लिकपर्यंत भरा. उतारावर तिरकी उभी राहिलेली पिकअप टाकीत हवा अडकवून ठेवते आणि नोझल आधीच बंद पडते.

५. असं तीन वेळा करा. मग तिन्ही वेळचे किलोमीटर एकत्र, तिन्ही वेळचे लिटर एकत्र, आणि एकच भागाकार.

तीन टाक्या कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. भरताना दोन लिटरचा फरक सहज पडतो. वीस लिटर भरले असतील तर ती दहा टक्क्यांची चूक झाली. साठ लिटरवर तेच दोन लिटर म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. टाकीचा काटा बघून काढलेलं ॲव्हरेज तर धरूच नका. जुन्या पिकअपमधला तरंगता फ्लोट वरच्या अर्ध्यात रेंगाळतो आणि खालच्या अर्ध्यात धावतो.

ताळा: तुलना कशाशी करताय? "पूर्वी बारा द्यायची" हा आकडा रिकाम्या हौद्याचा, हमरस्त्यावरचा असेल आणि आजचा आकडा माल भरून गल्लीबोळांतून फिरल्याचा असेल, तर बिघाड गाडीत नाही. कंपनीच्या पत्रकातला आकडा तर विसरूनच जा.

## टप्पा २: किलोमीटर तरी खरे आहेत का?

आधीच्या मालकाने मोठे टायर चढवले असतील तर ओडोमीटर किलोमीटर कमी मोजतो. उदाहरण घ्या. गाडीला मुळात २३५/७५ आर १५ टायर होते. त्याचा व्यास येतो सुमारे ७३४ मिलिमीटर. त्या जागी ३१ इंची टायर आले, म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक सात टक्क्यांहून थोडा जास्त. आता ट्रिप मीटर ५४० किलोमीटर दाखवतो आणि टाकीत ५२ लिटर बसतात, तर हिशेब येतो १०.४. प्रत्यक्षात गाडी सुमारे ५८० किलोमीटर चाललेली असते, म्हणजे खरं ॲव्हरेज ११.१. पाऊण किलोमीटर नुसत्या कागदावर हरवला.

दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरचा टायरचा आकार आणि चाकावरचा आकार ताडून बघा. मग मोकळ्या रस्त्यावर किमान वीस किलोमीटर मोबाइलच्या जीपीएसवर मोजा आणि ट्रिप मीटरशी जुळवा. जो गुणक येईल तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुढच्या प्रत्येक हिशेबाला लावा.

हेही खरं की मोठा, जाड नक्षीचा टायर गाडीला ओढायला जड जातोच. त्यामुळे दुरुस्ती करूनही आकडा मूळच्या टायरइतका येईलच असं नाही.

## टप्पा ३: काय बदललं?

इथे पान्याला हात लावायचा नाही, फक्त आठवायचं आणि बघायचं.

हौद्यात काय काय पडून आहे ते बाहेर काढून बघा. साधारण ४५ किलो जादा वजनाने एक टक्क्याच्या आसपास ॲव्हरेज जातं. साखळदंड, जुनी बॅटरी, दोन पोती वाळू आणि "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेलं लोखंड असं करत दीड-दोनशे किलो कधी होतात कळत नाही. टपावरचा रॅक रिकामा असला तरी वारा अडवतोच.

वेग वाढलाय का? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने जायला लागलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि पिकअपचा आकार हवा कापायला मुळातच आडमुठा. इथेच एक गैरसमज काढून टाकतो: मागचा फाळका उघडा ठेवून ॲव्हरेज वाढत नाही. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो.

इंधन बदललंय का हेही बघा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. दहा टक्के इथेनॉलच्या मिश्रणाने ॲव्हरेज तीनेक टक्के उतरतं, प्रमाण वाढलं की आणखी. थंडीत आणि छोट्या छोट्या फेऱ्यांतही आकडा पडतो. एवढ्याने फरकाचा उलगडा होत असेल तर पाने-स्क्रूड्रायव्हर पेटीतच राहू द्या.

## टप्पा ४: गाडी मोकळी फिरते का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चिकटणारा ब्रेक इंजिनातल्या कुठल्याही बारीकसारीक दोषापेक्षा जास्त इंधन खातो, आणि स्कॅनरवर तो कधीच दिसत नाही.

१. हवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी थंड टायरची हवा मोजा. चालवून आल्यावर मोजलेला आकडा फुगलेला असतो. किती हवी ते दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवेबरोबर नक्षीवरूनही हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली ठेवण, बिघडलेला आहे. चाकं रस्त्यावर फिरत नाहीत, घासत चालली आहेत.

२. घरंगळ चाचणी. सपाट, रिकामा रस्ता, वारा पडलेला, इंजिन चालू. ताशी ६० ला न्यूट्रल करा आणि ३० पर्यंत यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा. परत फिरून उलट दिशेने तेच करा आणि सरासरी लिहून ठेवा. अमुक सेकंद म्हणजे चांगले, असा सर्व गाड्यांना लागू होणारा आकडा नाही. हा आकडा दुरुस्तीनंतरच्या आकड्याशी ताडायचा आहे.

सावध: न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करायचं नाही. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात.

३. चाकांचं तापमान. दहा-बारा किलोमीटर चालवून या. शेवटी ब्रेक जवळजवळ न लावता गाडी वेग सोडून थांबू द्या. लगेच उतरून चारही चाकांच्या मधल्या भागाचं तापमान घ्या. पुढचे ब्रेक मागच्यांपेक्षा जास्त तापतात, ते ठीक. बघायचं आहे ते डावं विरुद्ध उजवं. एकाच ॲक्सलवर वीसेक अंशांहून जास्त फरक असेल तर मी ते चाक उघडल्याशिवाय राहत नाही. थर्मामीटर नसेल तर हात आधी जवळ न्या, थेट टेकवू नका; अडकलेल्या ब्रेकची डिस्क कातडी सोलते.

४. चाक उचलून फिरवणं. उट्या लावा, जॅक लावा, स्टँड द्या, गाडी हलवून बघा आणि मगच खाली हात घाला. चाक हाताने फिरवा. डिस्कचं हलकं खरखरणं चालतं. दोन हातांनी ढकलावं लागत असेल तर चालत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीची गोष्ट इथलीच. वर्षभर ती ॲव्हरेज कमी देत होती. तिला मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, एका गॅरेजच्या सल्ल्याने सेन्सरही बदलला. एकदा पंक्चर काढायला पुढचं उजवं चाक उचललं तर ते फिरेचना. दहा मिनिटं जॅकवर तसंच राहिलं आणि आपोआप मोकळं झालं. पॅडल पुन्हा दाबलं, पुन्हा आवळलं. कॅलिपरचा (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा स्क्रू, अर्धा फेरा सैल केल्याबरोबर ऑइलची एक बारीक पिचकारी उडाली आणि चाक हलकं झालं. कॅलिपर निर्दोष होता. त्याच्याकडे जाणारा रबरी होज आतून सुजून एकमार्गी झाला होता. पायाच्या जोराने ऑइल आत ढकललं जायचं, परत यायला मात्र वाट नव्हती. बाहेरून तो होज नवा वाटावा इतका चांगला दिसत होता.

म्हणून चाक आवळलेलं सापडलं की या क्रमाने जा. आधी होजच्या वरच्या बाजूचा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडून (पॅडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या भागाकडून) येणारा लोखंडी पाइप सैल करा. चाक मोकळं झालं तर दाब वरून येतोय: मास्टर सिलिंडर, किंवा पॅडलला मोकळी चालच उरलेली नाही. नाही सुटलं तर ब्लीडर उघडा. आता सुटलं तर होज गेला. तरीही नाही सुटलं तर पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपरच्या सरक-पिना जाम आहेत. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल पूर्ण परत येते का ते आधी बघा. गंजलेली केबल आत ओढली जाते आणि सोडल्यावर तिथेच बसते.

सावध: ब्रेक ऑइल डोळ्यांत जाऊ देऊ नका, रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पाइप उघडला की हवा शिरलीच असं समजून पूर्ण ब्लीडिंग करा, म्हणजे ती हवा काढून टाका. पॅडल कडक लागल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही.

५. फोर बाय फोर. पुढच्या चाकांना मोकळे होणारे हब असतील तर ते 'फ्री'वर ठेवून पुढचं एक चाक उचला आणि फिरवा. चाकाबरोबर आतला ॲक्सलही फिरत असेल तर हब सुटलेला नाही. असे हब नसलेल्या गाड्यांत ॲक्सल फिरणं साहजिक आहे. तिथे ट्रान्सफर केसचा (पुढच्या चाकांना जोर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या गिअरपेटीचा) लिव्हर खरंच टू-व्हीलवर बसतो का एवढंच बघा.

ताळा: काही दुरुस्त केलं असेल तर घरंगळ चाचणी त्याच रस्त्यावर पुन्हा करा. सेकंद वाढले पाहिजेत.

## टप्पा ५: इंजिन पूर्ण तापतं का?

आता बॉनेट उघडायचं, पण फिल्टरसाठी नव्हे.

थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं, हे कार्बोरेटरचा चोकही जाणतो आणि इंजेक्शनचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही. इंजिन कधीच पुरेसं तापलं नाही तर गाडी दिवसभर सकाळच्या पहिल्या स्टार्टसारखी इंधन पीत राहते. जुन्या गाड्यांत तर अनेकदा थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नसतो. कधीतरी गाडी गरम झाली, कुणीतरी तो काढून फेकला आणि तेव्हापासून तशीच चालू आहे. असं असेल तर थर्मोस्टॅट परत बसवा आणि मूळ गरम होण्याचं कारण वेगळं शोधा.

तपासणी अशी. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करा आणि पंख्यापासून दूर राहून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. पहिली काही मिनिटं तो थंडच राहिला पाहिजे. मग थोड्या वेळात झपकन गरम झाला पाहिजे: थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडल्याची ती खूण. पहिल्या मिनिटापासून होज हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. मोकळ्या रस्त्यावर काटा खाली उतरतो आणि गर्दीत वर चढतो, हेही त्याचंच लक्षण.

सावध: गरम रेडिएटरचं झाकण कुठल्याही कारणासाठी उघडू नका.

इथे बरेच जण फसतात, कारण तापमानाचे सेन्सर बहुधा दोन असतात. एक डॅशबोर्डच्या काट्यासाठी, दुसरा ईसीयूसाठी. काटा बरोबर दाखवत असेल आणि ईसीयूचा सेन्सर "इंजिन अजून थंड आहे" असं सांगत असेल, तर दिवाही न लागता इंधन जात राहतं. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी स्कॅनरवर पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही बाहेरच्या हवेच्या जवळपास हवीत. स्कॅनर नसेल तर मल्टीमीटरने रोध मोजा. अनेक गाड्यांत तो २० अंशांना दोन-तीन किलोओम आणि ८० अंशांना तीनशे ओमच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

इंजिन बंद आणि थंड असताना पंखाही हाताने फिरवून बघा. थोडा विरोध हवा. घट्ट जाम असेल आणि गाडी चालताना सतत घोंघावत असेल तर फॅन क्लच (पंखा गरजेपुरताच जोडणारा भाग) अडकलाय आणि इंजिन उगाच पंखा ओढतंय.

## टप्पा ६: क्लच आणि लॉकअप

मॅन्युअल गाडीत टॉप गिअरला ताशी पन्नासच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच सरकतोय.

ऑटोमॅटिकमध्ये ताशी ८० च्या एकसारख्या वेगाला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) लॉक झालेला, म्हणजे न घसरता घट्ट जोडलेला असला पाहिजे; यालाच लॉकअप म्हणतात. मागे गाडी नाही हे बघून ब्रेक पॅडलला फक्त दिवे लागण्याइतका हलका स्पर्श करा. लॉकअप सुटून आरपीएम दोन-चारशेने वर जायला हवेत आणि पाय काढल्यावर काही सेकंदांत खाली यायला हवेत. काहीच हललं नाही तर लॉकअप लागतच नव्हता. पण आधीचा टप्पा गाळून इथे येऊ नका. अनेक गाड्यांत इंजिन तापल्याशिवाय लॉकअप लागत नाही. अडकलेल्या थर्मोस्टॅटपायी गिअरबॉक्स उतरवला, असं व्हायला नको. आणि ओव्हरड्राइव्हचं बटण चुकून बंद राहिलेलं नाही ना, तेही बघा. हसू नका, असं घडतं.

## टप्पा ७: इंधन इंजिनापर्यंत तरी पोचतं का?

टाकी भरलेली असताना रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाका. टाकीच्या पट्ट्या, भरण्याच्या नळीचा रबरी सांधा आणि परतीची बारीक नळी ही गळण्याची नेहमीची ठिकाणं. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल तर वरचा सांधा धरा.

मग डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलची पातळी वाढलेली आणि त्याला पेट्रोलचा वास असेल तर यांत्रिक पंपाचं डायफ्रॅम फाटलं असेल किंवा एखादा इंजेक्टर गळत असेल. असं ऑइल पातळ होऊन बेअरिंग खातं; गाडी तिथेच उभी करा.

## टप्पा ८: मिश्रण

आता कुठे इंजिनाच्या इंधनाकडे, म्हणजे हवा आणि इंधनाच्या मिश्रणाकडे आलो. गाडी कुठल्या प्रकारची आहे त्यावर वाट ठरते.

कार्बोरेटर. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा, एअर क्लीनरचं झाकण काढा आणि टॉर्चने आत बघा. चोकची पाती पूर्ण उभी हवी. तिरकी असेल तर दोर, स्प्रिंग किंवा काजळीने जाम झालेला कणा. त्यानंतर मिनिटभर नुसतं बघत राहा. इंजिन बंद असतानाही आत थेंब पडत असतील तर फ्लोटची पातळी वर आहे किंवा सुई बसत नाही. सगळ्यांचा हात मात्र जातो आयडलच्या मिश्रणाच्या स्क्रूकडे. तो स्क्रू फिरवून हमरस्त्यावरचं ॲव्हरेज सुधारत नाही, कारण त्याचा अंमल मुख्यतः इंजिन मंद चालत असताना असतो. कार्बोरेटरच्या गाडीत तुंबलेला एअर फिल्टर मिश्रण गडद (इंधन जास्त, हवा कमी) करतो, तेव्हा इथे तो बदलणं रास्त आहे.

पेट्रोल इंजेक्शन. इथे तुंबलेला फिल्टर गाडीचा जोर कमी करतो, ॲव्हरेज फारसं पाडत नाही. ईसीयू कमी हवेला कमी इंधन देतो. स्कॅनरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते, एकत्र बघा. बेरीज शून्याच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे असेल तर पुढे चला. उणे दहाच्या खाली असेल तर कुठूनतरी जास्त इंधन येतंय: गळका इंजेक्टर, इंधनाचा चढलेला दाब, किंवा तो दाब आवरणारा रेग्युलेटर. रेग्युलेटरला व्हॅक्युमची नळी असेल तर ती काढून बघा. आत पेट्रोल ओलं लागलं की त्याचं डायफ्रॅम फाटलंय.

अधिक बाजूचा आकडा वाचताना लोक घाईने "ईसीयू जास्त इंधन देतोय, म्हणून ॲव्हरेज गेलं" असं म्हणतात. तसं नेहमीच नसतं. व्हॅक्युम गळत असेल, एअर फ्लो सेन्सरची (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची) तार मळली असेल किंवा पंप कमजोर असेल, तर ईसीयू फक्त खरी तूट भरून काढतो. तोटा होतो तो ऑक्सिजन सेन्सरची फसगत झाली तर. त्याच्या अलीकडे एक्झॉस्टला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ती ऑक्सिजन म्हणून दिसते, आणि ईसीयू चांगल्या मिश्रणात विनाकारण इंधन ओततो. थंड इंजिनाला सुरुवातीला टक-टक आवाज येतो आणि तापल्यावर जातो, ती भेग मॅनिफोल्डजवळ शोधा. मंद गतीला ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला उतरलेलं असेल तर व्हॅक्युमची गळती. उलट भार पडल्यावर वाढत जात असेल तर पंप, इंधनाचा फिल्टर किंवा एअर फ्लो सेन्सर.

जुना साधा ऑक्सिजन सेन्सर गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली झाला पाहिजे. एका जागी बसला किंवा आळसावल्यासारखा हलला तर बदला, पण भेग नाही याची खात्री झाल्यावरच.

डिझेल. धूर बघा. भार घेताना काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. इथे मात्र एअर फिल्टर पहिला संशयित. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या: फाटलेल्या जागी ऑइलचा ओशट डाग असतो. मग उघडा अडकलेला ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. हे सगळं ठीक असेल तर इंजेक्टर काढून बेंचवर त्यांचा फवारा तपासून घ्या आणि पंपाचं टायमिंग बघा. पंपाचा सील केलेला इंधनाचा स्क्रू फिरवून जोर वाढवायचा मोह टाळा. वाढतो तो धूर.

सावध: चालू डिझेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळीजवळ हाताने गळती शोधू नका. फवारा कातडीतून आत शिरतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. कॉमन रेल इंजिनाच्या नळ्या चालू असताना सैल करायच्या नाहीत.

## टप्पा ९: ठिणगी आणि टायमिंग

पेट्रोल गाडीचे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने कापडावर मांडा. फिकट तपकिरी चांगला. सगळेच कोरडे काळे तर मिश्रण गडद, म्हणजे पुन्हा टप्पा ८. एकच वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता: वायर, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

डिस्ट्रिब्युटर असेल तर टायमिंग लाइटने मूळ टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघा. मग व्हॅक्युम ॲडव्हान्सची (हलक्या भारावर ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि जीभ लावून धरा. ओढ टिकली पाहिजे. हवा सरळ येत राहिली तर डायफ्रॅम फाटलंय आणि हलक्या भारावर टायमिंग मागे पडतंय, नेमकं जिथे ॲव्हरेज मिळायचं तिथेच. हा पार्ट वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

## टप्पा १०: तुंबलेला एक्झॉस्ट आणि थकलेलं इंजिन

पेट्रोल इंजिनाला व्हॅक्युम गेज लावा. मंद गतीला समुद्रसपाटीजवळ पाऱ्याचे १७ ते २२ इंच, काटा स्थिर. आता २५०० आरपीएमवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली उतरत गेला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर तुंबलाय.

कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी. गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन दोन्ही तोडलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे द्या. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. व्हॉल्व्हचा संशय आला तर हेड उतरवण्याआधी टॅपेटची फट मोजून घ्या. घट्ट बसलेला टॅपेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही, आणि तो सैल करायला फीलर गेज व एक पाना पुरतो.

## दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच दुरुस्ती, आणि तिच्यानंतर पुन्हा तीन टाक्या. दोन-तीन गोष्टी एकदम केल्यात तर आकडा सुधारेलही, पण कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळंच उघडावं लागेल. गाडीची बॅटरी काढली असेल किंवा कोड पुसले असतील तर पहिली टाकी हिशेबात धरू नका. ट्रिम नव्याने बसायला वेळ लागतो. वहीत तारीख, ओडोमीटर, काय बदललं आणि पुढच्या तीन टाक्यांचा एक आकडा, एवढंच लिहा.